तंबूचा सिनेमा, सिनेमात तंबू

जत्रेतल्या एखाद्या लाडक्या खेळावरून सिनेमा कसा होतो, यावर लिहा असं संपादकांनी सांगितलं आणि मला जानेफळ आठवलं. मेहकर तालुक्यातलं माझं गाव. सुगी आटोपली की आम्ही आसपासच्या जत्रांना निघायचो. पाळणा, रेवड्या हे सांगायला. खरी ओढ तंबूतल्या टुरिंग टॉकीजची. यंत्र ट्रकमध्येच बसवलेलं असे. मी पडद्याकडे पाठ करून त्या ट्रककडेच बघत बसे, मग थोरला भाऊ टपली मारून माझं तोंड फिरवी.

अमेरिकेत डिस्नेलँडमध्ये 1967 साली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही नावेतली सफर सुरू झाली. त्यात चाचे होते, पेटलेलं गाव होतं, तोंडात किल्ल्या धरून बसलेला कुत्रा होता; गोष्ट अशी नव्हती. म्हणून या सफरीवरच्या 2003 च्या सिनेमासाठी जॅक स्पॅरो हा चाचा नव्याने रचावा लागला. तो इतका गाजला की 2006 मध्ये त्याचा पुतळा मूळ सफरीत नेऊन बसवला.

आपल्या तंबूत माणसं आधीपासून होती. गजेंद्र अहिरे यांनी 2013 मध्ये ‘टुरिंग टॉकीज’ हा कथापट केला. मला मात्र जास्त भिडला तो शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. महाराष्ट्रातल्या जत्रांमागे वर्षानुवर्षं फिरून त्यांनी हा माहितीपट केला आणि 2016 मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. त्यात महंमद आणि बापू तंबू चालवतात. माझा जीव अडकला तो प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्या प्रकाश यांच्यात. आयुष्य दुसऱ्यांची यंत्रं बरी करण्यात गेलं, आणि मधल्या मधे त्यांनी स्वतःच्या डोक्याने तेलात चालणारा प्रोजेक्टर घडवला. त्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा नातवाचं कौतुक सांगणाऱ्या आजोबांसारखा होतो.

प्रोजेक्टरचं मर्म माल्टीज क्रॉसमध्ये आहे. चार खाचांचं पोलादी फूल म्हणा. शेजारच्या चकतीची खुंटी एका फेऱ्यात एकदाच खाचेत शिरते, फूल पाव वळण घेतं, फिल्म चार भोकं पुढे सरकते आणि थांबते. सेकंदाला 24 वेळा. फिल्म सरकत असताना झडप उजेड अडवते, म्हणून आपल्याला सरकणं दिसत नाही, थांबणं तेवढं दिसतं. खाच केसभर झिजली तरी पडद्यावरचा नायक थरथरू लागतो. एका ऑपरेटरने असाच एक झिजलेला क्रॉस माझ्या तळहातावर ठेवला होता. “धरून पाह्य रे पोट्ट्या,” म्हणाला. तो मुठीत सहज मावला, आणि कोमट होता.

हे सगळं पडद्यावर आणणं सोपं नाही. तंबूचा मालक रंगवता येतो, प्रेमकथा जोडता येते; पण कार्बनच्या दोन कांड्यांमधली ज्योत सांभाळणारा हात नटाला चार दिवसांत शिकवता येत नाही. फिल्मची रिळं धुणाऱ्या प्रयोगशाळा एकेक करून बंद पडल्या. हजार फुटांचं रीळ जेमतेम 11 मिनिटं चालतं, म्हणजे एका सिनेमाला पेट्यांच्या पेट्या; त्या आता येणार कुठून? माहितीपट करणाऱ्यांनाही हे सगळं नाहीसं व्हायच्या आत टिपायची घाई होतीच. त्यांच्या डोळ्यांदेखत तंबूत डिजिटल प्रोजेक्टर आला. पूर्वी पेटी वेळेवर आली नाही म्हणून खेळ थांबे, आता फाइल उघडत नाही म्हणून थांबतो, आणि बाहेर गर्दी तशीच कावलेली. पेटीच्या वाटेकडे डोळे लावता येत, स्टँडवर पोरगा धाडता येई. फाइलपुढे ऑपरेटरच्या हाताला कामच उरत नाही.

जुने प्रोजेक्टर लोखंडाच्या भावाने जातात. हातोडा पडतो, भिंगं निघतात, आणि ते चार खाचांचं फूल बाकीच्या लोखंडाबरोबर तराजूत पडतं.