वादळात तो नावेतच असतो

घरातील माणूस अचानक कोसळते, रस्त्यात अपघात होतो किंवा मध्यरात्री पुराचे पाणी उंबरठा ओलांडते, तेव्हा श्रद्धावंताचीही दातखीळ बसते. पुढे सारे निवळल्यावर मनाला खंत लागून राहते : मी इतका घाबरलो कसा? माझा विश्वास तोकडा तर नव्हता? या प्रश्नाचे उत्तर संत मार्कलिखित शुभवर्तमानात (४ : ३५-४१) सापडते.

गालील सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली, डोंगरांच्या वेढ्यात आहे. उंचावरून थंड वारा उतरला की तेथील पाणी पाहता पाहता खवळते. त्या संध्याकाळी तसेच घडले. शिष्यांपैकी पेत्र, आंद्रिया, याकोब व योहान हे मूळचे मच्छीमार. आपल्या पाचूबंदर-उत्तनच्या कोळी बांधवांप्रमाणे त्यांना वाऱ्यापाण्याची पारख होती. तेच घाबरले, म्हणजे संकट खरे होते. प्रभू येशू मात्र नावेच्या मागील भागात उशीवर डोके टेकून झोपला होता.

शिष्यांनी त्याला जागे केले. मत्तयने त्यांची हाक याचना म्हणून नोंदवली आहे. मार्कमध्ये मात्र ती चक्क तक्रार आहे. आम्ही बुडतो आहोत, याची तुला काहीच पर्वा नाही का, असा तिचा रोख आहे. ही तक्रारही प्रभूने ऐकली. मार्कच्या वृत्तांतात तो आधी वादळ शमवतो आणि मगच त्यांना विश्वासाविषयी विचारतो. भीती वाटणे हे पाप नव्हे. भीतीच्या क्षणी कोणाकडे वळायचे, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. शिष्य घाबरले, पण त्याच्याकडेच वळले.

दि. २७ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या महासंकटात, पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्र चौकात याच उताऱ्यावर चिंतन केले. पाऊस पडत होता, चौक निर्मनुष्य होता. एकाच नावेत आपण सारे आहोत, याची जाणीव त्यांनी जगाला करून दिली आणि पवित्र साक्रामेंताचा आशीर्वाद दिला.

प्रत्येक वादळ मात्र आपल्या हाकेसरशी शमत नाही. त्या साथीत आपल्यातील कित्येकांनी प्रार्थना करूनही जिवलग गमावले. त्यांचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. गेथसेमनी बागेत स्वतः प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. पित्याने त्याला क्रूस चुकवून नव्हे, तर क्रूसापलीकडे नेले. देवाची उपस्थिती म्हणजे संकटापासून सुटकेची हमी नव्हे; संकटात आपण एकटे नाही, याची ती ग्वाही आहे.

म्हणून आणीबाणीच्या प्रसंगी हात आणि ओठ दोन्ही चालू ठेवावेत. रुग्णवाहिका बोलवावी, शेजाऱ्यांना हाक मारावी. डॉक्टरांच्या हातूनही देवच साहाय्य करतो. लांबलचक प्रार्थना आठवली नाही, तरी 'येशू' हे नाव पुरेसे आहे. पाण्यात बुडणाऱ्या पेत्राची प्रार्थनाही दोन-तीन शब्दांचीच होती. आजार गंभीर असल्यास धर्मगुरूंना वेळीच कळवावे. रुग्णाभ्यंगाचे साक्रामेंत केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही; ते रुग्णाला बळ व शांती देते.

रोज रात्री कुटुंबात जपमाळ म्हणणाऱ्याच्या ओठांवर संकटाच्या वेळी तेच शब्द आपसूक येतात. वादळाची तयारी शांत पाण्यातच करायची असते.