विजय झोल : जालन्याचा डावखुरा फलंदाज

कुंडलिका नदीच्या दोन काठांवर जुना आणि नवीन जालना वसलेले आहे. पोलाद आणि बियाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात 23 नोव्हेंबर 1994 रोजी विजय झोलचा जन्म झाला. भारतात क्रिकेटपटूची वाट वयोगटांच्या संघांतून जाते. जालन्याच्या मुलाला त्यासाठी महाराष्ट्राच्या संघाचे दार ठोठावावे लागते.

ते दार झोलने जवळजवळ तोडलेच. 2011-12 च्या कूचबिहार करंडकात, 19 वर्षांखालील गटात, त्याने आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद 443 पेक्षा आठ जास्त आणि ब्रॅडमनच्या नाबाद 452 पेक्षा एकच कमी! अर्थात ते दोघे प्रथम श्रेणीत खेळत होते, ही तफावत विसरता येत नाही.

2012 चा युवा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. पुढे रणजी पदार्पणातच त्रिपुराविरुद्ध द्विशतक झळकले. जानेवारी 2014 मध्ये शारजात युवा आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात कर्णधार झोल आणि संजू सॅमसन या दोघांनीही शंभर धावा काढल्या आणि पाकिस्तान 40 धावांनी हरला. त्यानंतरच्या युवा विश्वचषकात मात्र त्याच्या संघाला उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने रोखले.

आयपीएलमध्ये बंगळूरने त्याला घेतले, पण सामने मोजकेच मिळाले. भारताच्या वरिष्ठ संघाची टोपी त्याला मिळाली नाही.