रोहिणीच्या भिंतीतील दाह

अँजिओप्लास्टीनंतर घरी निघताना सातारा, सांगलीकडील रुग्णांचे नातेवाईक हमखास विचारतात, “नळी तर मोकळी झाली, मग या गोळ्या कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र रोहिणी म्हणजे पाइप आणि चरबी म्हणजे त्यात साचलेला गाळ, ही समजूत प्रथम सोडावी लागते.

रोहिणीची भिंत जिवंत असते. रक्तदाब, मधुमेह वा तंबाखूमुळे तिचे आतील नाजूक अस्तर दुखावले की कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत शिरून अडकतात. त्यांचा समाचार घेण्यास पांढऱ्या पेशी धावतात, कण गिळून फुगतात आणि तेथेच मरतात. मग आणखी पेशी येतात. एरवी जखम भरून काढणारा हा दाह येथे वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्याने गाठीवरील आवरण झिजून फाटले की तेथे रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. तपासणीत किरकोळ दिसलेला अडथळाही त्यामुळे कधी घातक ठरतो. स्टेंट एकच जागा मोकळी करतो. गुठळी अ‍ॅस्पिरिन रोखते, तर स्टॅटिन कोलेस्टेरॉलबरोबर दाहही उतरवते. (आपल्या भागात मिश्रीला कित्येकजणी तंबाखू मानीतच नाहीत. ती तंबाखूच आहे.)

या दाहाकडे जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकातच लक्ष वेधले होते. ठोस पुरावा २०१७ साली मिळाला. पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या ‘कॅन्टॉस’ चाचणीत कोलेस्टेरॉल न घटविता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने पुढील झटके घटले. परंतु ते औषध अतिशय महाग, शिवाय जीवघेण्या जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढविणारे.

त्यानंतर लक्ष वळले ते गाऊटवरील जुन्या, स्वस्त कोल्चिसिनकडे. २०१९ व २०२० मधील चाचण्यांत त्याचा लाभ दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयरोगासाठी मान्यताही मिळाली. २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत मात्र लाभ आढळला नाही. म्हणून ते सरसकट दिले जात नाही.

हेच द्रव्य पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात ज्वाळेसारख्या फुलणाऱ्या कळलावीत असते. यावरून कोणी तिचा कंद घरी उगाळू नये. तो अत्यंत विषारी असून औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फारसे अंतर नाही. मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना तर कोल्चिसिनची गोळीही डॉक्टर शक्यतो टाळतात.