पहारा पाहणाऱ्यांचा

बंगळुरूतल्या पीण्या औद्योगिक क्षेत्राचे नाव घेतले की लेथ, प्लेटिंगचे कारखाने आणि तुमकूर रस्त्यावरचे ट्रक डोळ्यांपुढे येतात. याच परिसरातल्या सुमारे 599 एकर जमिनीला सरकारदरबारी मात्र वेगळेच नाव आहे: पीण्या-जालहळ्ळी प्लांटेशन. 1896 साली ती वन म्हणून अधिसूचित झाली, पुढे एचएमटी या सरकारी कंपनीच्या ताब्यात गेली आणि तिचे तुकडे इतरांकडे गेले. ती वनातून कधी वगळलीच नव्हती असे वनखाते म्हणते; एचएमटीला ते मान्य नाही. 2024 मध्ये कर्नाटक सरकारने जमीन परत घेण्याचे आदेश दिले आणि भांडण नव्याने पेटले. मालकीचे काय ते न्यायालय ठरवील. मला कोडे पडते ते दुसरेच: इतकी वर्षे रान आकसत असताना कोणाचेच काही अडले कसे नाही? चिंपांझी पाहायला आफ्रिकेत जाणाऱ्या पर्यटकांच्या व्यवहारात याचे उत्तर आहे, असे माझे मत आहे.

पश्चिम युगांडातले किबाले 1932 पासून राखीव वन होते, 1993 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे चिंपांझींची संख्या हजाराच्या वर आहे. कान्यांचू येथून पर्यटक वनरक्षकासोबत छोट्या गटाने निघतात, चिंपांझी सापडले की तासभर थांबतात आणि परततात. परदेशी माणसाला 2024 पासून या परवान्याचे 250 डॉलर पडतात. दर्शनाची हमी नाही, कारण ही जनावरे मोकळी आहेत. ती पळून जात नाहीत, यामागे कित्येक वर्षांची खटपट असते. माणसे रोज कळपामागे हिंडतात, काही देत नाहीत, काही घेत नाहीत, आणि हळूहळू चिंपांझी त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. संशोधकांचे कामही असेच चालते. 1987 पासून किबालेतल्याच कान्यावारा येथे एकेका चिंपांझीला नावाने ओळखून नोंदी ठेवल्या जात आहेत. त्यामुळे एक जनावर दिसेनासे झाले तरी चौकशी सुरू होते. हरणे-डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासांत चिंपांझींचे हातपाय अडकतात. हे फास शोधून काढणारी पथके तिथे रानभर फिरतात. किबालेचे खरे संरक्षण या रोजच्या वर्दळीत आहे. तिकिटाचा पैसा त्यातली एक सोय.

पण हीच वर्दळ जीवघेणीही ठरते, हा आक्षेप खोटा नाही. 2013 मध्ये कान्यावाराच्या 56 चिंपांझींपैकी पाच दगावले. आपल्याला नुसती सर्दी देणाऱ्या विषाणूंच्या कुळातला एक विषाणू त्याला कारणीभूत होता. 2016 च्या अखेरीस किबालेतल्याच न्गोगो येथे श्वसनाची साथ आली आणि 25 चिंपांझी मेले. तरीही माणसे हटवा, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात माणसांकडून चिंपांझींना विषाणू लागल्याचा थेट पुरावा 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांचा वावर असतो तिथे चोरटी शिकार कमी होते, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून मास्क, ठरावीक अंतर आणि आजाऱ्याला परत पाठवणे या गोष्टी शिष्टाचारापुरत्या नाहीत. जवळून सेल्फी मिळावा म्हणून अंतराचा नियम ढिला करणारा वाटाड्या फास लावणाऱ्याइतकाच धोकादायक.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. 1992 मध्ये किबालेला लागून असलेल्या पट्ट्यातून हजारो माणसांना हुसकावले गेले. आजही उद्यानातले हत्ती काठावरच्या शेतकऱ्यांचा मका तुडवतात. उद्यानांच्या प्रवेशशुल्कातला 20 टक्के वाटा आसपासच्या गावांना द्यायचा असा युगांडाचा नियम आहे, पण ज्याचे पीक गेले त्याची भरपाई गावच्या शाळेच्या नव्या वर्गखोलीने होत नाही. पर्यटन न्याय्य आहे, असा दावा मी करणार नाही. एवढेच म्हणेन की जंगल उभे राहण्यात ज्यांचा रोजगार आहे अशी माणसे त्यामुळे तयार झाली.

म्हणून पीण्यात तिकीटखिडकी उघडावी का? मुळीच नको. बंगळुरूत पाहण्याजोगा नरवानर गणातला प्राणी आहे तो लोरिस, कन्नडमध्ये काडुपाप. पीण्यापासून फार दूर नसलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातही तो आढळतो. पावशेरभर वजनाचा, निशाचर, किड्यांवर जगणारा हा जीव उडी मारत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला फांदीला फांदी भिडलेली लागते. मधली चार झाडे तोडली की त्याचा रस्ताच बंद. पर्यटकांच्या झगझगीत बॅटऱ्या त्याला सोसायच्या नाहीत. मात्र अर्बन स्लेंडर लोरिस प्रोजेक्टमध्ये 2014 पासून सामान्य नागरिक रात्री मंद लाल उजेडात हिंडून त्याच्या नोंदी करू लागले. किबालेतली जी गोष्ट इथे रुजू शकते ती हीच, आणि तिला 250 डॉलर लागत नाहीत. उद्या निकाल वनखात्याच्या बाजूने लागला, तर 599 एकरांना कुंपण घालणे हे त्यातले सोपे काम. त्या कुंपणाआड दर आठवड्याला कोण फिरणार, झाडे आणि जनावरे कोण मोजणार, आणि आकडा घटला तर जाब कोणाला विचारायचा, हे कुंपणाची निविदा निघण्याआधी ठरायला हवे.