विमान, चिल्लर आणि सिनेमा

आमचं घर कुर्ल्याला. म्हणजे विमानाच्या वाटेवरच म्हणा ना! सांताक्रूझला उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून जातं तेव्हा त्याची चाकं बाहेर आलेली असतात. पाण्याच्या टाकीवर चढलं तर हात लावता येईल, असं लहानपणी वाटायचं. १९७१ साली एअर इंडियाचं पहिलं जम्बो आलं, खिडक्यांभोवती राजवाड्यासारख्या महिरपी रंगवलेलं. ते बघायला मी कॉलेज बुडवून गच्चीत बसलो होतो. तेव्हा लागलेलं वेड सत्तरी ओलांडली तरी सुटलेलं नाही. नुसत्या आवाजावरून विमान ओळखतो असा माझा दावा आहे. कुकरच्या शिट्ट्या मात्र मला ऐकू येत नाहीत, असं सौ.चं म्हणणं आहे.

असा हा विमानवेडा माणूस विमानात पहिल्यांदा बसला तो निवृत्तीनंतर. मुलीने न्यू जर्सीहून तिकिटं पाठवली तेव्हा, २०१४ साली. त्यानंतर बरेच प्रवास झाले आणि प्रवासाबरोबर मतंही झाली. विमान जरा आदळून टेकलं की लोक वैमानिकाला नावं ठेवतात. अहो, पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर तो मुद्दामच विमान ठामपणे टेकवतो. चाकं पाण्याच्या थरावरून घसरू नयेत म्हणून! अलगद उतरण्याची हौस तिथे महागात पडते. दुसरं, चाकं टेकताक्षणी उभं राहून वरच्या बॅगा ओढणाऱ्यांना खरं तर परत पाठवायला हवं. आणि मधल्या खुर्चीवाल्याला दोन्ही बाजूंचे हात टेकायचे दांडे मिळालेच पाहिजेत. त्या बिचाऱ्याला ना खिडकी, ना वाट.

तिसरं मत जरा गंभीर आहे. ‘आधी स्वतःचा मास्क लावा, मग दुसऱ्याला मदत करा’ ही सूचना हल्ली भाषणांतून फार ऐकू येते. स्वतःपुरतं बघायचं असलं की लोक ती तोंडावर फेकतात. ती सूचना का आहे? पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब अचानक गेला, तर अर्ध्या-पाऊण मिनिटात माणसाचं भान हरपू लागतं. तुम्हीच कोसळलात तर शेजारच्या पोराला मास्क कोण लावणार? म्हणजे त्या वाक्याचा सगळा भार दुसऱ्या अर्ध्यावर आहे. लोक नेमकं तेच अर्धं विसरतात.

तर त्या पहिल्या परतीच्या प्रवासात हवाईसुंदरीने एक कागदी पाकीट हातात दिलं. परदेशातली उरलेली नाणी यात टाका, ती मुलांसाठी जातील. युनिसेफची ही ‘चेंज फॉर गुड’ योजना काही विमान कंपन्या राबवतात, १९८७ सालापासून. कल्पना मोठी झकास आहे. परक्या देशाच्या नोटा बदलून मिळतात, पण चिल्लर सहसा कोणी घेत नाही. ती घरी येते आणि टेबलाच्या खणात, जुन्या किल्ल्यांच्या शेजारी, वर्षानुवर्षं पडून राहते. हजारो प्रवाशांची एकत्र केली तर तीच रक्कम होते. मी खिसे उलटे केले, पाकीट बंद केलं आणि जरा रेलून बसलो.

‘‘अहो,’’ सौ. म्हणाली, ‘‘आपल्याला नको असलेलं दिलं तर त्याला दान म्हणायचं का?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खिडकीबाहेर बघण्याची सोय असली की असं उत्तर टाळता येतं. पण प्रश्न काही गेला नाही, कारण त्याची मुळं जुनी होती. तिला ठाऊक होती म्हणूनच तिने विचारलं होतं.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला धरणी हलली. दगडमातीच्या जाडजूड भिंतींनी माणसं झोपेतच गाडली. आमच्या वसाहतीत दोन दिवसांत ट्रकभर कपडे जमले. पुढाकार माझा. ट्रकवर वसाहतीच्या नावाचा फलक लावला, तोही माझ्या अक्षरात. निघण्यापूर्वी फोटो काढला. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा असं करत आम्ही पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग चिखलात भिजत पडले होते. आमच्यासारख्यांनीच आणून टाकलेले.

एका गावाबाहेर आम्ही गठ्ठे सोडू लागलो. नायलॉनच्या पाचवारी साड्या, बायका सगळ्या नऊवारीतल्या. एक सफारी सूट. टिकल्या लावलेला, लग्नातला एक घागरा. उंच टाचांची एक चप्पल, एकच. समोर उभी असलेली म्हातारी ते सगळं नुसतं बघत होती. तिच्या शेजारचा माणूस हात जोडून म्हणाला, ‘‘सायेब, कापडं लई आलीत. ताडपत्री असंल तर द्या.’’

ताडपत्री नव्हती. म्हणजे होती, पण आमच्या कपड्यांवर घातलेली. ट्रकवाला ती सोडायला तयार नव्हता, त्याच्या मालकाची होती. मी पैसे पुढे केले, हुज्जत घातली, शेवटी ती एक ताडपत्री उतरवली. ती एकच वस्तू त्या ट्रकमध्ये कामाची होती, आणि ती आम्ही द्यायला आणलेलीच नव्हती. परत आल्यावर वसाहतीत माझा सत्कार झाला. नारळ घेतला. ही गोष्ट तेव्हा मी फक्त घरी सांगितली.

विमान अपघातांची माहिती वाचण्याचा मला नाद आहे (सौ.च्या मते हा नाद अभद्र आहे), त्यातला एक अपघात मला या ट्रकमुळेच आठवतो. रॉबर्टो क्लेमेंटे हा प्वेर्तो रिकोचा बेसबॉलपटू. आपल्याकडे गावसकर, तसा तिकडे तो. २३ डिसेंबर १९७२ला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने जमीनदोस्त झाली. क्लेमेंटेने मदत गोळा करून विमानांनी पाठवली. पण ती सरकारी माणसंच मधल्यामध्ये गिळतात, असं त्याच्या कानावर आलं. मी स्वतः बरोबर गेलो तर कोणाची हिंमत होणार नाही, असं म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री तो पुढच्या विमानात बसला. जुनं, नीट निगा न राखलेलं डीसी-७, त्यात मर्यादेपेक्षा सुमारे चार हजार पौंड जास्त वजन. वजन वाढलं की विमानाला उडायला वेग जास्त लागतो, धाव लांबते, चढ मंदावते. आणि एखादं इंजिन दगा देऊ लागलं तर सावरायला जागाच उरत नाही. सान हुआनच्या किनाऱ्याजवळ ते समुद्रात कोसळलं. पाचही जण गेले. क्लेमेंटेचा देह कधी मिळाला नाही.

आपण दिलेलं पोचतं का, हे बघायला जो जिवानिशी गेला त्याच्यापुढे मी फलक रंगवणारा कोण? तरी विमानवेड्याचं मन तिथेही अडतं. ज्याने माल चढवला त्याला ‘आता पुरे’ म्हणता आलं नाही. चांगल्या कामासाठी म्हणून विमान काही चार हजार पौंड माफ करत नाही.

सिनेमांबद्दल माझं मत विचारू नका, असं घरचे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतात. हिंदी सिनेमात नायक ज्या विमानात चढतो ते एक, आकाशात दिसतं ते दुसरं आणि उतरतं ते तिसरं असतं. मी हे थिएटरात मोठ्याने सांगतो आणि सौ. चिमटा काढते. हॉलिवूडवालेही साव नाहीत. ‘सली’ (२०१६) हा टॉम हँक्सचा सिनेमा घ्या. १५ जानेवारी २००९ला पक्ष्यांनी दोन्ही इंजिनं निकामी केलेलं विमान हडसन नदीवर उतरवून १५५ जणांना वाचवलं, त्याची गोष्ट. उतरण्याचं चित्रण अव्वल. पण खलनायक हवा म्हणून चौकशी करणारे अधिकारी खाष्ट दाखवले. अहो, त्यांच्या असल्याच खोदकामामुळे तर तुम्ही-आम्ही आज सुखरूप उतरतो!

त्याच वर्षीच्या ‘नीरजा’मध्ये मात्र मी एकही चूक काढली नाही. ५ सप्टेंबर १९८६ला पॅन अ‍ॅमचं ते जम्बो मुंबईहूनच निघालं होतं, म्हणजे आमच्याच आकाशातून. कराचीत अपहरणकर्ते शिरले, तिने इशारा दिला आणि वैमानिक कॉकपिटच्या वरच्या झडपेतून बाहेर पडले. थिएटरात पलीकडे कोणीतरी ‘पळपुटे’ म्हणालं. मला राहवलं नाही. ‘‘वैमानिक गेले म्हणूनच विमान जमिनीवर राहिलं, तेच बरोबर होतं,’’ मी म्हटलं. या वेळी चिमटा आला नाही. शेजारी बघितलं तर सौ. रडत होती.

बाहेर आल्यावर मी तिला सिनेमानंतरची गोष्ट सांगितली. तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना मुलगी गेली. तिच्या विम्याचे पैसे आले ते आई-वडिलांनी घरात ठेवले नाहीत. पॅन अ‍ॅमने तेवढीच भर घातली आणि विश्वस्त निधी उभा राहिला. त्यातून कर्तव्यापलीकडे जाऊन धैर्य दाखवणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांना आणि अन्यायाशी झगडून दुसरीला हात देणाऱ्या भारतीय स्त्रीला पुरस्कार देण्याचं ठरलं.

सौ. रिक्षात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘तेही त्यांना नकोच असणार हो ते पैसे.’’

तिच्या विमानातल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं की नवा प्रश्न, मला अजून नीट कळलेलं नाही. चिल्लर मला नको होती, पण घेणाऱ्याच्या उपयोगाची होती. घागरा मलाही नको होता आणि त्या म्हातारीलाही. इतपत फरक मी करू शकतो. पुढचं ती जाणे.

ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. वसाहतीतली मुलं जुन्या कपड्यांची बोचकी घेऊन दारात आली, ‘‘काका, तुम्हाला अनुभव आहे ना!’’ अनुभव होता. मी आधी सांगलीच्या चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘दादा, घरात गुडघाभर गाळ आहे. खराटे पाठव, फावडी पाठव, फिनेल पाठव. आणि कपडे नकोत रे बाबा.’’

बोचकी परत गेली. दोन-तीन घरं रुसली. खराट्यांत कसलं आलंय दान, असंही कोणी म्हणालं. टेम्पोवर खराटे बांधत असताना मुलांनी फलकाचं विचारलं, मी नको म्हटलं. तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली. चार इंजिनांचा आवाज, जम्बोच! मान आपोआप वर गेली.

‘‘अहो, वर काय बघताय?’’ सौ. ओरडली. ‘‘दोरी धरा!’’