संगणक क्षेत्र : आधी काम, मग अभ्यासक्रम

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत एकच विचार सुरू होतो : मुलाला किंवा मुलीला ‘कॉम्प्युटरला’ घालावे. हा विचार गैर नाही. मात्र संगणक क्षेत्र हा एक व्यवसाय नसून ते अनेक व्यवसायांचे एकत्रित नाव आहे. त्यापैकी कोणता आपल्याला मानवेल हे न ठरवता केवळ अभ्यासक्रमाच्या नावावरून प्रवेश घेतल्यास मुलांची उमेदीची वर्षे आणि पालकांनी प्रसंगी कर्ज काढून भरलेले शुल्क, दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

कामाचे प्रकार

प्रोग्रॅमरला तर्कशुद्ध विचाराची आवड आणि एका प्रश्नापाशी तासन्‌तास बसण्याची चिकाटी लागते. तयार आज्ञावलीतील दोष शोधणाऱ्यास चौकस नजर हवी. सर्व्हर व नेटवर्क सांभाळणाऱ्यास यंत्रणा बंद पडली तर अपरात्रीही धावून जावे लागते. कार्यालयात माहिती भरणे व तक्ते तयार करणे हेही संगणकावरचेच काम. परंतु त्याची तयारी आणि प्रोग्रॅमरची तयारी यांत मोठे अंतर आहे.

प्रशिक्षणाचे मार्ग

२००१ साली सुरू झालेला एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम होय. शासकीय सेवेतील अनेक पदांसाठी त्याचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. तथापि ती प्रोग्रॅमरची पात्रता नव्हे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘कोपा’ हा एक वर्षाचा व्यवसाय-अभ्यासक्रम घेता येतो. तंत्रनिकेतनातील पदविका तीन वर्षांची असून पदविकाधारकांना अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. लवकर कमावते व्हावयाचे असून पुढील शिक्षणाची वाटही खुली ठेवावयाची असेल, तर हा मार्ग विशेष सोयीचा ठरतो.

बारावीनंतर अभियांत्रिकी, बी.एस्सी. व बीसीए असे पर्याय आहेत. बीसीएनंतरचा एमसीए अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता. २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेली आणि ‘परम’ महासंगणकामुळे नावारूपास आलेली सी-डॅक ही संस्था प्रामुख्याने अभियांत्रिकी पदवीधरांसाठी प्रवेशपरीक्षेद्वारे पदव्युत्तर पदविका चालविते.

प्रवेशापूर्वीची पडताळणी

शहरांत व तालुक्यांच्या गावी खासगी वर्गांच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. त्यांतील काही वर्ग उत्तम शिकवितात. परंतु ‘नोकरीची हमी’ हे शब्द वाचून पैसे भरू नयेत. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे वा मंडळाचे आहे, एकूण शुल्क किती, मध्येच सोडल्यास परतावा मिळेल काय, हे लेखी विचारावे. पदविका व पदवी अभ्यासक्रमांची मान्यता तंत्रशिक्षण संचालनालयाच्या आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या संकेतस्थळांवर पाहता येते. बीसीएदेखील २०२४-२५ पासून या परिषदेच्या कक्षेत आला आहे. मागील तुकडीतील दोन-तीन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष भेटणे ही याहून सोपी कसोटी होय.

आपला कल पारखण्यासही खर्च येत नाही. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरील पाठ विनामूल्य शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क पडते. महिनाभर एखादी प्रोग्रॅमिंग भाषा मनापासून शिकून पाहिल्यास या कामात मन रमते की नाही, हे बव्हंशी कळून येते.

पाया महत्त्वाचा

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने साधी आज्ञावली क्षणात लिहून देतात. त्यामुळे केवळ एखादे साधन वापरता येणे पुरेसे राहिलेले नाही. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे ओळखण्यास गणित, तर्क, संगणकाच्या रचनेचे ज्ञान आणि कामापुरते इंग्रजी लागते. साधने बदलतात, पाया टिकतो. ज्या अभ्यासक्रमात हा पाया पक्का होतो, तो लहान गावातील साध्या तंत्रनिकेतनात असला तरी चकचकीत जाहिरातीपेक्षा अधिक मोलाचा आहे, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी ध्यानी घ्यावे.