सिलाकँथचा मागोवा : 1938 ते 1998

ज्याच्या कुळाचे अवशेष सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांपासून आढळतात आणि जो डायनोसॉरांबरोबरच नामशेष झाला असे विद्वज्जनांनी आपल्या दप्तरी निःशंकपणे नोंदवून ठेवले होते, तो सिलाकँथ मासा 22 डिसेंबर 1938 रोजी दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात, ‘नेरीन’ या मासेमारी जहाजावरील मासळीच्या राशीत गवसला. तेथील लहानशा वस्तुसंग्रहालयाच्या अभिरक्षक मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना प्रथम दिसला तो केवळ एक निळा पर. वरची मासळी बाजूस सारल्यावर कठीण खवल्यांचे, हातापायांसारख्या मांसल परांचे, दीड मीटरचे ते धूड नजरेस पडले. टॅक्सीवाला ते गाडीत घेण्यास प्रथम राजी होईना. शवागारानेही ठाव दिला नाही. तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा! पेशाने रसायनशास्त्राचे अध्यापक आणि व्यासंगाने मत्स्यविद् असलेले जे. एल. बी. स्मिथ रजेवर होते. बाईंनी रेखाचित्रासह धाडलेले पत्र त्यांच्या हाती पडेपर्यंत माशाची आतडी-काळीज फेकून देण्यात आली होती.

अखंड नमुना मिळावा म्हणून स्मिथांनी 100 पौंडांचे इनाम जाहीर केले, छायाचित्रासह तीन भाषांत पत्रके वाटली आणि चौदा वर्षे वाट पाहिली. 1952च्या डिसेंबरात कोमोरो बेटांवरून वर्दी येताच त्यांनी थेट पंतप्रधान मलान यांना साकडे घातले, आणि पूर्वाश्रमी धर्मोपदेशक असलेल्या त्या गृहस्थांनी एका माशासाठी लष्करी डाकोटा विमान रवाना करण्याचा हुकूम दिला. सरकारी तिजोरीचा याहून रसिक विनियोग माझ्या तरी ऐकिवात नाही. मौज अशी की, कोमोरोच्या कोळ्यांच्या गळाला हा ‘गोम्बेसा’ अधूनमधून लागतच असे. मांस तेलकट आणि बेचव, म्हणून त्यांना त्याचे फारसे मोल नव्हते, इतकेच.

पुढची प्रगती संथ, पण पक्की झाली. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील मादीच्या उदरात पाच पिल्ले निघाली आणि हा मासा पिल्लांना जन्म देतो हे सिद्ध झाले. 1987 मध्ये हान्स फ्रिके यांनी छोट्या पाणबुडीतून ग्रांद कोमोर बेटानजीक जिवंत सिलाकँथ चित्रित केला, तेव्हा दिसले की उजवा पुढचा पर आणि डावा मागचा पर तो चतुष्पादाच्या चालीने एकाच वेळी हलवतो. मात्र त्या परांवर तो तळाशी चालत नाही, मधूनमधून डोके खाली करून पाण्यात उभा तरंगतो.

हा मासा केवळ हिंदी महासागराच्या पश्चिमेचा, हा समजही 1997 मध्ये मोडला. इंडोनेशियातील मनाडोच्या बाजारात एका हातगाडीवर अर्नाझ मेहता-एर्डमन यांना तो दिसला. 1998 मध्ये तेथूनच दुसरा नमुना हाती आला आणि 1999 मध्ये त्याची निराळी जाती म्हणून नोंद झाली. तेथील कोळीही त्याला ‘राजा लाऊत’ या नावाने आधीपासूनच ओळखत होते.